तांदळाच्या डब्यातलं रिव्हॉल्व्हर

पांचाळकाका कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी डोळे मिटायचे. कपाची कड असो, कपाटाची कडी असो, कुणी नवी आणलेली सुरी असो. उजव्या अंगठ्याचं नख तिच्यावरून सावकाश ओढायचे आणि मग निकाल द्यायचे. "बरी आहे," किंवा "आत अडकतंय." ते नख त्यांनी त्यासाठीच थोडं वाढवलेलं होतं. "डोळा लगेच फसतो, बाई," ते म्हणायचे. "चकाकलं की खूश. नखाला चकाकी दिसत नाही, म्हणून नख खरं बोलतं."

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते मोठ्या भूकंपाच्या दुपारी. जपानमधल्या हिगाशी-कसाईतली आमची सगळी इमारत खाली पार्किंगमध्ये उभी होती. विजेच्या तारा झोपाळ्यासारख्या हलत होत्या, आणि थांबली थांबली म्हणेपर्यंत जमीन पुन्हा सरकत होती. कुणाच्या हातात पासपोर्टची पिशवी, कुणाच्या हातात लॅपटॉप, माझ्या हातात नुसत्या चपला. तळमजल्यावरच्या एका खोलीत एकटे राहणारे, पन्नाशी उलटलेले पांचाळ बिस्किटांचा एक चपटा पत्र्याचा डबा छातीशी धरून उभे होते. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. डब्यात काय आहे म्हणून मी विचारलं, तर त्यांनी झाकण किंचित उघडून दाखवलं. फडक्यांत गुंडाळलेले लहान लहान दगड होते. पासपोर्टचं विचारल्यावर म्हणाले, "तो आत राहिला. पासपोर्ट सरकार दुसरा देईल. हे कोण देणार?"

ते चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तयार झालेले. भूकंपाच्या बारा वर्षं आधी प्लास्टिकचे साचे बनवणाऱ्या इथल्या एका छोट्या वर्कशॉपच्या मालकांनी त्यांचं काम पाहिलं आणि बोलावून घेतलं. साच्याची आतली बाजू आरशासारखी होईपर्यंत हातानं घासायची, याला इथे मिगाकी म्हणतात. ते त्यांचं काम. वर्कशॉपमध्ये ते 'पान्चारु-सान' होते. आमच्या इमारतीतल्या सात-आठ मराठी घरांत मात्र, जिथे सगळे प्रोजेक्ट आणि डेडलाइनबद्दल बोलत, तिथे नखांत काळं असलेला हा एकच माणूस. गणपतीला सगळे त्यांना आग्रहानं बोलवत आणि आल्यावर कुरकुरणारं बिजागर दाखवत. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. उलट एखाद्या घरी काहीच कुरकुरत नसलं तर ते जरा अवघडून बसत.

मला ते बाई म्हणत, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. मी मराठीत एम. ए. केलेली, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेली आणि पुस्तकं समोर ठेवून जपानी शिकलेली. शाळेची पत्रकं, वॉर्ड ऑफिसचे कागद घेऊन इमारतीतल्या बायका माझ्याकडे येत. काका अक्षरं गिरवायला येऊ लागले. "तुमचं जपानी डोळ्यांनी आलेलं, माझं कानांनी," ते म्हणत. ते बोलत भराभर, वर्कशॉपमधल्या माणसांसारखे. पण वाचता येत ते फक्त यंत्रांवर आणि ड्रॉइंगवर असतात तेवढेच शब्द. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. एका शब्दाच्या चुकीत त्यांचे चार महिने गेले, ज्या चार महिन्यांत त्यांच्यावर कदाचित उपचार होऊ शकले असते. त्या चुकीला माझा हात लागलेला आहे. म्हणून हे लिहिते आहे.

भूकंपानंतर कित्येक आठवडे जमीन शांत झाली नाही. फोनवर धोक्याचा सूर वाजायचा, मग काही क्षण काहीच नाही, मग भिंती हलायच्या. उत्तरेकडच्या अणुभट्टीच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा निम्मी मराठी घरं पुण्याला निघून गेली. काका राहिले. धीट होते म्हणून नाही. इतका घाबरलेला माणूस मी पाहिला नव्हता. ते बूट घालून झोपत. पण चिंचवडला त्यांची मुलगी फार्मसी शिकत होती, तिची दोन वर्षं राहिली होती, आणि काकांच्या व्हिसाची मुदत येत्या हिवाळ्यात संपणार होती. "व्हिसा झाला, ही दोन वर्षं निघाली, की मी सुटलो," असं ते दर भेटीत म्हणत. आणि नेमका त्याच सुमारास त्यांचा उजवा हात थरथरायला लागला.

थरथर फार नव्हती. कपातल्या चहावर वर्तुळं उठतील एवढीच. पण मिगाकी करणाऱ्या माणसाला तेवढी पुरते. वर्कशॉपला तेव्हा काम कमी होतं म्हणून मालकांच्या लक्षात आलं नव्हतं. हाताला वळणावर आणायला घरी काहीतरी हवं होतं, आणि ते त्यांना एका मॉडेलांच्या दुकानात सापडलं. दीडशे वर्षांपूर्वी घोडेस्वारांच्या कमरेला असत तशा घडणीचं, धातूचं, सबंध सोनेरी रिव्हॉल्व्हर. अर्थात नकली. नळी आतून बुजवलेली. त्यातून काहीही सुटणं शक्य नाही. कुणाच्या तरी हातून फिरून आलेलं होतं, आणि चाप ओढला की आत खरखर व्हायची, म्हणून दुकानदारानं ते मोडक्या वस्तूंच्या पेटीत टाकलं होतं. काकांनी ते त्या खरखरीसाठीच घेतलं. आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "बघा, वरून सोनं, आत वाळू."

दुकानदार त्याला 'मोदेरु गान' म्हणायचा. मॉडेल गनचा तो जपानी उच्चार. काका त्याला नुसतं गान म्हणू लागले. मराठीत गान म्हणजे गाणं, हे त्यांना फार आवडलं होतं. "आज गान उघडू या. अजून बेसूर आहे," असं म्हणत ते रविवारी वर येत.

पुढचे काही रविवार मी त्यांच्यासमोर बसून पाहिले. पहिलं हत्यार कुठलं असेल, सांगा, असं त्यांनी मला विचारलं. मी दगड म्हटलं. ते हसले. पहिलं हत्यार पेचकस. स्क्रूच्या खाचेत त्याचं टोक घट्ट बसलं नाही तर खाच सोलली जाते, "आणि मग जन्मभर दिसतं की इथे कुणी अडाणी येऊन गेला." एक अख्खा रविवार त्यांनी दोन पेचकसांची टोकं त्या खाचांच्या मापाला घासण्यात घालवला. मग दगड निवडायला बसले. हिऱ्याची भुकटी लावलेली पट्टी त्यांनी बाजूला सारली. "हा उपाशी दगड. खातच सुटतो." आतल्या पोलादी तुकड्यांसाठी तेलावर चालणारा पांढरा बारीक दगड ठेवला. मालकांनी दिलेला एक राखाडी दगड होता, क्योतोकडच्या डोंगरातला, चिंचोक्याएवढा उरलेला. तो फक्त पाण्यावर, अगदी शेवटी. आणि सांगाड्याच्या मऊ धातूला दगडच लावायचा नाही. मऊ धातू दगडात भरतो आणि मग दगड त्याच भुकटीनं ओरखडे काढतो. त्यासाठी त्यांनी कोन्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून, जेवणाबरोबर मिळालेल्या लाकडी काड्या तासून घेतल्या आणि टोकाला पॉलिशची पेस्ट लावली.

घासण्याआधी ते तुकड्यांना काळं मार्कर फासायचे. सगळं पुन्हा जोडून दहा वेळा चाप ओढायचे आणि परत उघडायचे. काळं जिथे पुसलं गेलं असेल तिथेच काडी किंवा दगड. "जिथे घासतंय तिथेच. बाकीच्या अंगाला हात लावायचा नाही, बाई. काढलेला माल परत चिकटत नाही." रिव्हॉल्व्हरचा मागे ओढलेला घोडा जिच्यावर अडून राहतो त्या एका धारेला मात्र त्यांनी कधीच काही लावलं नाही. ही धार म्हणजे ह्याचा शब्द, ते म्हणाले. ती गोल केली की ह्याच्यावर भरवसा ठेवता येणार नाही. हे सगळं करताना त्यांचा हात थरथरत नसे. काम थांबलं की थरथरे.

रिव्हॉल्व्हरबरोबर एक घडी घातलेलं माहितीपत्रक आलं होतं. ते मी त्यांना मराठीत वाचून दाखवलं. या देशात धातूची नकली पिस्तुलं पांढरी किंवा सोनेरी-पिवळीच असावी लागतात, खऱ्यासारखी दिसू नयेत म्हणून. तो रंग काढणं किंवा नळी मोकळी करणं हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. मी प्रत्येक शब्द नेमका उतरवला आणि मोठ्यानं वाचला. गुडघ्यांवर हात ठेवून त्यांनी ऐकलं. "म्हणजे सोनं निघालं तर तुरुंग?" त्यांनी विचारलं. कायद्यात तसं आहे, मी म्हटलं. हे मुद्दाम रंग खरवडून काढणाऱ्यांसाठी आहे, एखाद्या ओरखड्यासाठी नाही, एवढं मी जोडायला हवं होतं. पण ते पत्रकात नव्हतं, आणि जे लिहिलेलं नाही ते मी वाचत नसे.

ओरखडा उन्हाळ्यात पडला. भर दुपारी, काका खाली आपल्या खोलीत काम करत असताना धक्का आला. फार मोठा नव्हता, पण हातात पांढरा दगड होता आणि तो सांगाड्याच्या बाहेरच्या बाजूवरून सरकला. तांदळाच्या दाण्याएवढं सोनं निघालं आणि खालचा राखाडी धातू उघडा पडला. ते मला हे सांगायला आले तेव्हा अनवाणी होते. बूट घालून झोपणारा माणूस अनवाणी जिना चढून आला होता.

त्या दिवसापासून भूकंपाची भीती मागे पडली आणि पोलिसांची सुरू झाली. रिव्हॉल्व्हर त्यांनी पंच्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात, तळाशी पुरलं. दुकानात जाऊन रंग लावून घेऊ, असं मी सुचवलं. दुकानदार नाव लिहून ठेवेल, ते म्हणाले. मग टाकून द्या, म्हटलं. तेव्हा त्यांनी कचऱ्याच्या जागी मला गाठून दबक्या आवाजात विचारलं, "हे कुठल्या वारी टाकतात? जळणाऱ्या कचऱ्याच्या की न जळणाऱ्याच्या?" मला हसू आलं. ते हसले नाहीत. पिशवी पारदर्शक असते, कोपऱ्यावरच्या आजीबाई प्रत्येक पिशवी पाहतात, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. व्हिसाचा अर्ज जायचा होता. परदेशी माणूस, आणि घरात सोनं निघालेलं पिस्तूल.

गणपतीच्या सुमाराला एका सकाळी त्यांचा फोन आला. लगेच खाली या, एवढंच बोलले. त्यांच्या दारात चौकीतला एक तरुण पोलीस उभा होता. मी त्याच्याशी बोलले. आपत्तीच्या वेळी कुठल्या घरात कोण राहतं हे माहीत असावं म्हणून तो घरोघरी एक कार्ड भरून घेत होता. अतिशय सभ्य मुलगा होता. लिहायला आधार हवा म्हणून त्यानं ते कार्ड दाराशेजारच्या तांदळाच्या डब्यावर ठेवलं. नाव, कामाचं ठिकाण, कुणाला कळवायचं, असं एकेक तो विचारत होता, मी सांगत होते, आणि काका डब्याकडे न बघण्याचा इतका प्रयत्न करत होते की त्यांची मान आखडली होती. शेवटी त्यानं विचारलं, काही अडचण तर नाही ना? काकांनी दोन्ही हात हलवून नाही नाही म्हटलं. पोलिसानं डब्यावर पेन दोनदा टेकवलं, आभार मानले आणि शेजारच्या दाराकडे गेला.

काका तिथेच खाली बसले. "त्यानं डबा वाजवला. ऐकलंत ना?"

"पेन वाजवलं हो. सवय असते एकेकाला."

"वाजवूनच कळतं, बाई. भरीव आहे की आत काही आहे, ते मी पण वाजवूनच बघतो."

मी चौकीत जाऊन स्वतः सगळं सांगते, असं म्हटल्यावर त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. व्हिसा होऊ द्या, मग तुम्ही म्हणाल तिथे येतो, म्हणाले. मी चौकीत गेले नाही.

आता तो शब्द. पानगळ सुरू झाली होती. मी सायकल लावत होते, हातात भाजी होती. काका कुठूनतरी परत येत होते. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. थांबून म्हणाले, "बाई, उतागाइ म्हणजे काय हो?"

मला बरं वाटलं. हा वर्कशॉपमधला शब्द नव्हता. काकांचं जपानी पुढे जात होतं. "संशय," मी म्हटलं, आणि बाई असल्यामुळे उदाहरणही दिलं. "पोलिसांना एखाद्याबद्दल येतो ना, तो. अमुक-नो उतागाइ म्हणजे अमुक गोष्टीचा संशय."

"दुसरा काही अर्थ?"

"नाही. हाच."

"बरं," ते म्हणाले आणि आत गेले. कुठे ऐकलात, हे मी विचारलं नाही. चांगलं समजावलं, एवढंच मनात घेऊन मी जिना चढले.

त्यानंतर ते वर येईनासे झाले. दिसत तेव्हा दर वेळी आधीपेक्षा बारीक दिसत. त्यांनी पट्ट्याला एक नवं भोक पाडलं, मग आणखी एक. दोन्ही भोकांच्या कडा मात्र गुळगुळीत केलेल्या. जेवत नाही का, विचारलं तर म्हणत, भीती पोटात बसलीय, जेवणाला जागा नाही. मला ते पटे. मी वरण-भाताचा डबा खाली पाठवे आणि तो अर्धा परत येई. त्यांचा फोन वाजत राही आणि ते उचलत नसत. रस्त्यात पोलिसाची सायकल दिसली की बाजूच्या दुकानात शिरत. मला वाटे, व्हिसा झाला की हा माणूस पुन्हा माणसात येईल.

हिवाळा संपता संपता व्हिसा झाला. पासपोर्ट घेऊन ते वर आले, टेबलावर उघडून ठेवला. तीन वर्षांचा होता. मी पेढ्यांऐवजी शिरा करायला उठले. ते पासपोर्टकडे बघत म्हणाले, "मग त्यानं ह्यांना कळवलं कसं नाही?"

"कुणी?"

"डॉक्टरनं."

कुठला डॉक्टर, मी विचारलं. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. कंपनीची वार्षिक तपासणी झाली होती, मग त्यांना एका इस्पितळात पाठवलं होतं. दुभाषा हवा का, असं फॉर्मवर विचारलं होतं. बारा वर्षं झाली इथे, म्हणून त्यांनी 'नको'वर खूण केली. पोटात नळी घालून पाहिलं. पुढच्या भेटीत डॉक्टर आधी साधं बोलले, जठराला सूज आहे, तिखट कमी करा. ते काकांना समजलं. मग डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली, आवाज खाली आणला, आणि घरी कोण आहे ते विचारलं.

"आणि मग म्हणाला, गान-नो उतागाइ आहे."

मी गॅस बंद केला.

"आवाज कसा खाली आणला, बाई. नर्स पण खाली बघायला लागली. मी म्हटलं, माझ्याकडे गान नाही. तर म्हणाला, अजून नक्की नाही, म्हणून तर तपासणी करायची. मी उठलो, वाकून नमस्कार केला आणि निघालो. इथे सगळं एकमेकांना जोडलेलं असतं. चौकी, दवाखाना, वॉर्ड ऑफिस. त्या पोरानं डबा वाजवला तेव्हाच मला कळलं होतं."

कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी तीन लिफाफे काढले. इस्पितळाचे. एकच उघडलेला होता. त्यातल्या चार अक्षरांवर त्यांनी नख ठेवलं. ही चार अक्षरं त्यांना वाचता येत होती. त्यांच्या साच्यांच्या ड्रॉइंगवर असत. सेइमित्सु केन्सा, बारीक तपासणी. "घराची करणार होते," ते म्हणाले.

जपानीत गान हा आणखी एक शब्द आहे. पिस्तुलाच्या गानशी त्याचा काही संबंध नाही, पण कानाला दोन्ही सारखेच. डोळ्यांनी शिकलेल्या माणसाला तो फरक आधी दिसतो, कारण अक्षरं वेगळी असतात. मी खुर्चीवर बसले.

"काका, डॉक्टर पिस्तुलाबद्दल बोलत नव्हते. गान म्हणजे कॅन्सर. त्यांना कॅन्सरचा संशय होता."

 मग त्यांचे खांदे हळूहळू खाली आले.

"म्हणजे पोलिसांना काही माहीत नाही?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की, काका. कुणालाच माहीत नाही."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते, कितीतरी दिवसांनी, कुणीतरी सोडून दिल्यासारखे. मी त्यांच्यासमोर बसून ते हसू संपायची वाट पाहिली. आयुष्यात इतकी भीती मला दुसऱ्या कशाची वाटली नाही. त्या मोठ्या भूकंपाचीही नाही. हसू ओसरलं. त्यांनी हात खाली घेतले आणि ते तिन्ही लिफाफे टेबलाच्या कडेला धरून एकावर एक नीट लावले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर इस्पितळात गेले. डॉक्टरांना ते आठवत होते. 'मला कॅन्सर नाही' असं म्हणून हा माणूस वाकून निघून गेला, तेव्हा त्याला सत्य पेलत नसावं असं आपल्याला वाटलं, असं ते म्हणाले. पुष्कळ लोक तसं करतात. इस्पितळातून फोनही केले होते. चार महिन्यांपूर्वी आले असते तर, असं मी विचारलं. त्यांनी पडद्यावरच्या, त्याच दिवशी काढलेल्या चित्राकडे पाहिलं आणि म्हणाले, ते सांगता येत नाही. आता ते जठराबाहेर पसरलं होतं. हे वाक्य मराठीत मला म्हणावं लागलं. मी ते जसंच्या तसं म्हटलं, पण या वेळी काकांचा हात धरून.

चिंचवडला परत जायचं ठरल्यावर त्यांनी डबा उपसून ते रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं आणि दोन रविवारांत काम पुरं केलं. चिंचोक्याएवढा राखाडी दगड त्यात संपला. त्यांचा हात आता कामाव्यतिरिक्तही थरथरत नव्हता. मी ते बोलून दाखवलं, तर म्हणाले, "आता कशाला थरथरेल?" मग माझ्या हातात देऊन चाप ओढायला सांगितला. दोनशे पानी वहीचं पान उलटावं तसा तो मागे आला. आत काही घासत होतं असं वाटलंच नाही.

आम्ही ते दुकानात घेऊन गेलो. रस्ताभर मी पिशवी पोटाशी धरली होती. दुकानदारानं तो तांदळाएवढा डाग भिंगाखाली पाहिला, बारीक कुंचल्यानं सोनेरी रंगाचा एक ठिपका दिला आणि फुंकर घातली. इतकंच. असे डाग पडतातच, म्हणाला. मग सहज चाप ओढला आणि थांबला. पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा त्यानं कानाशी धरून ओढला आणि हे कुणी केलं, असं मला विचारलं. मी काकांकडे बोट केलं. तो खुर्चीवरून उठला आणि खाली वाकला, गिऱ्हाइकाला वाकतात त्यापेक्षा बराच जास्त वेळ. काकांनी रिव्हॉल्व्हर तिथेच राहू दिलं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "ह्याला मी नऊ महिने घाबरलो, बाई. ह्याला."

चिंचवडहून ते रविवारी फोन करत. तिथले डॉक्टर त्यांच्यासमोर कॅन्सर शब्द उच्चारत नसत, आपसात सी. ए. म्हणत, आणि त्यांच्या मुलीला बाहेर बोलावून सांगत. काकांना त्याची गंमत वाटे. एका रविवारी मी धीर केला आणि ते सायकल लावतानाचं बोलणं काढलं. उतागाइ कुठे ऐकलंत हे मी विचारलं नाही, वर पोलिसांचं उदाहरण दिलं, असं म्हटलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. 

"तुम्ही सांगितलेला अर्थ चूक होता का?" त्यांनी विचारलं.

"नाही. बरोबर होता."

"मग झालं तर. डॉक्टर पण स्पष्टच बोलला होता. माझ्या कानात चोर बसला होता, त्याला कोण काय करणार."

तो आमचा शेवटचा फोन. पुढच्या रविवारी त्यांच्या मुलीचा आला.

अर्थ बरोबर होता, हे मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं आहे. त्यानं काही होत नाही. माझ्याकडे अजूनही कागद घेऊन बायका येतात. परवा तळमजल्यावर नव्यानं आलेल्या एका मुलीनं मला जिन्यात थांबवून एक शब्द विचारला. सोपा होता, एका शब्दात सांगता आला असता. मी हातातलं सगळं पायरीवर ठेवलं, तिलाही बसायला सांगितलं आणि म्हटलं, आधी मला सांग, हे कोण म्हणालं, कुठे म्हणालं, आणि म्हणताना त्यांनी आवाज खाली आणला होता का.